गोवराच्या आधी घाटघर

आमच्या युनिटमध्ये आकडे कायम कमी पडायचे. कमी पडले की पुन्हा सर्व्हे, पुन्हा जीप, पुन्हा धूळ. किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत. ते न मागता यायचे आणि फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नसल्यामुळे आमच्याच डोक्यात साचून राहायचे. आता जुनी मंडळी जमली की ग्राफ कुणाला आठवत नाही, किस्से सगळ्यांना आठवतात. त्यातही माझे जास्त, कारण मी मोठ्यानं सांगते!

युनिट म्हणजे फार मोठं काही समजू नका. नारायणगावात टोमॅटोच्या मार्केटजवळ दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, लसीचा एक फ्रीज आणि आम्ही चौघं. डॉक्टर देवस्थळी आमचे प्रमुख, पुण्याच्या पेठेतले. हांडे सिस्टर इथल्याच, आवाज असा की माईक लागत नाही. रफिकभाई जुन्नरचे, जीप त्यांची आणि जीपमधल्या वादात शेवटचा शब्दही त्यांचाच. आणि मी, मंचरच्या कांदा-बटाट्याच्या अडत्याची मुलगी, संख्याशास्त्र शिकून आलेली. गोष्टी नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या आणि त्यापुढच्या काही वर्षांच्या.

काम एका वाक्यात सांगते. गोवर कुठून कुठे जाणार हे गणितानं आधी ओळखायचं आणि तो डोंगरातल्या वाड्यांत पोचायच्या आत आपण लस घेऊन पोचायचं.

डॉक्टर नोकरीच्या पहिल्या वर्षी डोंगरातल्या घाटघरच्या बाजूच्या एका वाडीत गोवरानंतर पोचले होते. नंतर! त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "घराघरात पाळणे टांगलेले होते. रिकामे." तेव्हापासून हा माणूस गणिताच्या नादी लागला आणि पुढे त्यानं आम्हा तिघांनाही नादी लावलं.

*

सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते 'मॉडेल' या शब्दानं.

कुठल्या वाडीतून किती माणसं रोज खाली येतात हे आम्हाला हवं होतं आणि ते जीपवाल्यांइतकं कुणाला माहीत असणार? तेव्हा आम्ही गेलो स्टँडसमोर, त्यांच्या अड्ड्यावर. डॉक्टरांनी घसा साफ करून सांगितलं, "आम्ही एक नवीन मॉडेल तयार करत आहोत."

बघता बघता सगळे जीपवाले भोवती गोळा! "डिझेल का पेट्रोल?"

"नाही नाही, गणिताचं मॉडेल. कॉम्प्युटरवर चालतं."

एका मिशीवाल्यानं समजल्यासारखी मान हलवली. "बरं बरं. अ‍ॅव्हरेज किती देतं?"

आता मी पडले संख्याशास्त्रवाली. अ‍ॅव्हरेज म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. मी उत्साहानं सांगितलं, "कुणालाच लस नसेल तर एक गोवरवालं पोर आणखी बारा ते अठरा जणांना देतं!"

"सपाटीला देत असंल," मिशीवाला म्हणाला. "घाटात निम्मं बी देणार न्हाई. लिवून घ्या!"

पुढे कितीतरी दिवस तो मला पाहिलं की लांबून ओरडायचा, "म्याडम, वाढलं का अ‍ॅव्हरेज?" ते कमी करण्यासाठीच आम्ही मरमर करतोय, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

*

मॉडेलला खायला लागतो डेटा. गोवर माणसाकडून माणसाकडे जातो, म्हणून कोण कुणाच्या किती संपर्कात येतं हे कळायला हवं. 'संपर्क' हा शब्द फक्त सरकारी पत्रात असतो. म्हणून डॉक्टरांनी सोपा प्रश्न काढला : "काल तुम्ही किती जणांना भेटलात?"

सर्व्हे झाला. मी आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले आणि बघते तर काय, अख्ख्या तालुक्यात कुणी कुणाला भेटतच नाही! कुणी एक म्हणालं, कुणी शून्य. कॉम्प्युटरच्या मते गोवर आला तर त्याला दुसरं पोरगं सापडायचंच नाही, तो जागच्या जागी मरणार. डॉक्टर हताश होऊन म्हणाले, "हा तालुका आहे की साधूंची गुहा?"

मी आणि सिस्टर पुन्हा निघालो. पहिल्याच घरात एक मावशी भेटल्या. आदल्या दिवशी जुन्नरच्या बाजाराला जाऊन आलेल्या. गच्च भरलेल्या जीपमध्ये बसून गेलेल्या, तशाच आलेल्या. मी विचारलं, "मावशी, काल किती जणांना भेटलात?"

"कुनालाच न्हाई."

"अहो, बाजारात एवढी माणसं होती ना?"

"व्हती की. पर मी भेटले न्हाई कुनाला." मग माझ्या अडाणीपणाची कीव येऊन त्यांनी समजावलं, "अगं बाई, भेटायला जायचं म्हंजे हातात काय तरी न्यावं लागतं. मी गेले व्हते मिरच्या इकायला!"

तर असं होतं. आमच्याकडे भेटणं म्हणजे नारळ, खाऊची पुडी, निदान शेतातली भाजी घेऊन जाणं. मी इथलीच, पण प्रश्न इंग्रजीतून विचार करून काढलेला, त्यामुळे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी प्रश्न बदलला. "काल तुम्हाला किती जणांचा धक्का लागला?" हा प्रश्न एकाच गावात आणि एकाच बाईला विचारून झाला. ती कमरेला पदर खोचून उभी राहिली. "कुनाची हाय हिंमत मला धक्का मारायची? नाव सांगा, आत्ता बघते!" रफिकभाईंनी जीप चालूच ठेवली होती म्हणून आम्ही वाचलो.

शेवटी ठरलं : "काल किती जणांशी बोललात?" हा प्रश्न बरोबर बसला. आकडे खरेखुरे येऊ लागले. फक्त मंचरला एका आजीबाईंनी पेन थांबवून मला विचारलं, "भांडले ते बी धरायचे का गं?"

धरले! त्या एका आजींमुळे मंचरची सरासरी चांगलीच वर गेली.

*

आमच्या शेजारी इक्बालशेठचा टोमॅटोचा गाळा. वीज गेली की आमचा कॉम्प्युटर बंद आणि आम्ही शेठच्या गाळ्यात चहाला. वीज आली की शेठ आमच्याकडे, ग्राफ बघायला.

एकदा शेठनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे डोंगरावानी काय वर चाललंय?"

"गोवर, लस दिली नाही तर. आणि हे खाली बसलंय ते लस दिल्यावर."

"पुढच्या महिन्यात रोग कुठं जाणार हे तुमाला दिसतं, मग टोमॅटोचा भाव कुठं जाणार ते का नाय दिसत? टाका की ह्यात!"

डॉक्टर हसले. "शेठ, टोमॅटो खोकत नाहीत. एकापासून दुसऱ्याला लागण व्हावी लागते."

"लागण न्हाई तर काय हाय?" शेठ उसळले. "एकाला भाव घावला का शेजारचा तेच लावतो. त्याचं बघून त्याचा मेव्हना लावतो. मेव्हन्याचं बघून आख्खं गाव! अन् मग रस्त्यावर लाल चिखल. हाय का ह्याच्यावर लस?"

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाले, "मेहुण्यासाठी वेगळा रकाना करा."

*

गणितात माणसांचे तीन गट पडतात. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि लागण होऊन किंवा लस घेऊन सुरक्षित झालेले. सिस्टर म्हणाल्या, "एवढं लांबलचक कोण बोलत बसंल? कच्चे, तापलेले आन् पक्के! मडक्याचं असतं तसं." आम्हाला ते इतकं आवडलं की आमच्या रिपोर्टमध्येही तेच आलं.

पुण्याहून एक मोठे साहेब पाहणीला आले. रिपोर्ट वाचून आले होते, हे विशेष. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात त्यांनी सरपंचांना थेट विचारलं, "तुमच्या गावात कच्चे किती?"

सरपंच हात जोडून पुढे आले. "समदेच कच्चे, साहेब!"

साहेब दचकले. "सगळे? मोठी माणसंसुद्धा?"

"मोठ्यांचं तर लई बेकार. माझंच बघा ना, पावसात मागली बाजू पाक बसली."

साहेबांनी सरपंचांच्या मागल्या बाजूकडे काळजीनं पाहिलं. "मग पक्कं कुणीच नाही?"

"एकच हाय, आमच्या इरोधी पार्टीचं." सरपंचांनी आवाज खाली घेतला. "पर त्याचं नाव लिवू नका. त्यानं दोनदा घेतलंय!"

"दोनदा!" साहेबांचा चेहरा उजळला. "एकाच्या जागी दोन डोस! असे जागरूक नागरिक पाहिजेत. बोलवा त्यांना, माझ्या हस्ते सत्कार करू!"

सरपंचांना वाटत होतं साहेब घरकुलासाठी कच्च्या-पक्क्या घरांची यादी करायला आलेत, आणि साहेबांना वाटत होतं गाव लसीबद्दल बोलतंय. सिस्टरांनी मध्ये पडून खुलासा करेपर्यंत हार आलेला होता. तो आला म्हणून साहेबांनाच घातला.

*

आता थोडं गंभीर, कारण याच साहेबांशी पुढे आमची जुंपली.

डोंगरातली कुटुंबं हंगामात द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या कामाला खाली येतात, शेताच्या कडेला पालं टाकून राहतात. बरीच लहान पोरं वर म्हाताऱ्यांजवळ असतात. शिमग्याला मात्र खालची सगळी माणसं एकदम वर जातात. एका वर्षी शिमग्याच्या महिनाभर आधी नारायणगावजवळच्या पालांमध्ये गोवर निघाला.

लस मोजकीच होती. साहेब म्हणाले, "जिथे रोग आहे तिथे सगळी टोचून टाका." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण आमचं मॉडेल वेगळंच सांगत होतं. पालांतल्या बहुतेक पोरांना लागण होऊन गेलेली, तिथे थोडी लस पुरे. गोवर शिमग्याला जीपमध्ये बसून घाटघरकडे जाणार आणि तिथल्या वाड्यांत सगळी पोरं कच्ची. लस टोचली म्हणून पोरगं त्याच दिवशी पक्कं होत नाही, दोनेक आठवडे जातात. म्हणजे निघायचं ते आत्ता.

साहेब मानेनात. मी म्हटलं, "साहेब, आमच्या वखारीत एक कांदा नासला की माझे वडील तो नुसता फेकत नाहीत. त्याला टेकलेले सगळे आधी बाजूला काढतात. नासलेला तर गेलेलाच असतो." मंचरच्या अडत्याची मुलगी आहे मी, वाद घालायला मला कुणी शिकवावं लागत नाही!

साहेब थोडे नरमले. "समजा, मी वर लस पाठवली. तुमचं गणित बरोबर होतं हे मला कळणार कसं?"

डॉक्टर म्हणाले, "वर काहीच झालं नाही, तर."

"म्हणजे काही न झाल्याचा रिपोर्ट देणार तुम्ही?"

"हो."

"आणि काही झालं तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर साहेब, मी तिथे पुन्हा एकदा गोवरानंतर पोचलो असं होईल."

साहेबांना त्या वाडीची गोष्ट ठाऊक होती. त्यांनी सही केली आणि वर बजावलं, "काही न होण्यासाठी मी एवढी लस देतोय. काही झालं तर माझ्याकडे येऊ नका!"

*

मग आम्ही घाटघरच्या वाड्या पालथ्या घातल्या. लसीची पेटी मांडीवर, वारा असा की सिस्टरांचं बोलणंसुद्धा उडून जायचं! पोरं सुई बघून करवंदीच्या जाळ्यांत पळायची. रफिकभाईंनी शेवटी युक्ती केली. जीपचं दार उघडून जाहीर केलं, "जो टोचून घेईल त्याला हॉर्न वाजवायला मिळेल!" दिवसभर डोंगरात असा हॉर्न वाजत होता की खालून एक फॉरेस्ट गार्ड चौकशीला आला.

एका वाडीत एक म्हातारबाबा पोरांच्या रांगेत बाही वर करून उभे. सिस्टर ओरडल्या, "बाबा, तुमी कशाला? तुमाला ल्हानपणी गोवर येऊन गेला असंल. तुमी पक्के!"

"पक्का?" बाबा म्हणाले. "अगं, तोंडात दोन दात राहिल्यात, आन् पक्का म्हनती मला!"

त्यांनी टोचून घेतलं नाही, पण हॉर्न वाजवला.

*

शिमगा झाला. गोवर दुसऱ्या पोरात उगवायला जेवढे दिवस लागतात, तेवढे उलटून गेल्यावर आम्ही चौघं पुन्हा वर निघालो.

पहिल्या वाडीत काही नाही. दुसऱ्या वाडीत काही नाही. अंगणात पोरं नाक पुसत खेळत होती. मी प्रत्येक पोराच्या तोंडाकडे आणि दंडाकडे बघत होते, आणि सांगते, अभिमान वाटला. माझ्या गणिताचा, सिस्टरांच्या हाताचा, रफिकभाईंच्या जीपचा, सगळ्याचा वाटला. लाजायचं काय त्यात?

मग शेवटच्या वाडीत एका दाराला लिंबाचा वाळलेला डहाळा दिसला.

आमच्याकडे गोवर आला की 'बाया आल्या' म्हणतात. बाया म्हणजे देवी, घरी आलेल्या पाहुण्या. त्या आहेत तोवर दाराला लिंब, घरात फोडणी नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. जाताना त्यांना दहीभाताचा निवद.

आत एक चिमुरडी घोंगडीवर बसून भात खात होती. अंगावरचं पुरळ सुकून काळसर पडलेलं, ताप उतरलेला. आईबापांबरोबर खाली पालात होती. आम्ही लस घेऊन तिथे गेलो त्या दिवशी त्यांचं पाल दुसऱ्या बागेवर हललेलं. होळीच्या दिवशी ती इथे आली, वाडीतल्या सगळ्या पोरांबरोबर होळीभोवती बोंबलत नाचली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर पुरळ उठलं.

डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. मग ते उठले आणि वाडीतल्या प्रत्येक घरात जाऊन आले. एकेक पोर उजेडात आणून पाहिलं. त्यांच्या मागे मी. कुणालाही काही नव्हतं. एकालाही नाही.

परत आलो तेव्हा मुलीची आई दारात उभी होती. चेहरा पडलेला. हळू आवाजात म्हणाली, "डाक्टर, एक इचारू का? रागवायचं न्हाई."

"विचारा ना."

"आजवर बाया आल्या का समदी वाडी फिरायच्या. कुनाचं घर सोडायच्या न्हाईत. यंदा आमच्याच घरी आल्या, आन् हितूनच माघारी गेल्या. शेजारी टेकल्या बी न्हाईत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्याकडून मानपानात काय चुकलं का वो?"

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. ते वळले आणि अंगणाच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी त्या बाईच्या पाठीवर हात ठेवला. "न्हाई गं माझे बाई. तुझ्याकडून काय चुकायचं? बाया गेल्या व्हत्या की घरोघर. पर यंदा त्यांना दुसरं कुनी बसा म्हनलंच न्हाई!"

बाईनं डोळे पुसले.

"मंग आमी तरी बसा म्हनलं, ते बरं झालं," ती म्हणाली आणि आमच्या चौघांसाठी दहीभात वाढायला आत गेली.